यंत्रमाग कामगारांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करतोय, त्याचा परिणाम मोजायचा कसा?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांमध्ये वर्षभर काम करायचं आहे, पैसे देणारे ‘किती लागण टळली ते दाखवा’ म्हणतात, तर ते दाखवायचं कसं?

नाही दाखवता येणार. प्रपोजलमध्येच तसं लिहून टाका. तीन-चारशे कामगारांत वर्षाला नव्या लागणी इतक्या थोड्या असतात की एक-दोन कमी झाल्या तर ते तुमच्या कामामुळे की योगायोगाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आयसीटीसीतला (सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रातला) पॉझिटिव्हचा आकडा तर अजिबात धरू नका. तुमचं काम चांगलं झालं की जास्त लोक तपासणीला जातात आणि जुन्या लागणी उघडकीला येतात. आकडा वाढतो, आणि साहेब विचारतात, हे काय केलंत?

मोजायचं ते वागणं. जोडीदाराबाहेरच्या संबंधात मागच्या वेळी निरोध वापरला का? गेल्या बारा महिन्यांत तपासणी करून रिपोर्ट हातात घेतला का? ‘नेहमी वापरता का’ असं विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील. ‘मागच्या वेळी’ म्हटलं की माणसाला आठवावं लागतं. किती पथनाट्यं झाली, किती पत्रकं वाटली, हा कामाचा हिशेब झाला. तोही ठेवा, पण परिणाम म्हणून दाखवू नका.

आमच्या पहिल्या प्रकल्पात बेसलाईनची, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या पाहणीची, आठवण तीन महिन्यांनी झाली. तोवर लोकांना ‘बरोबर’ उत्तरं पाठ झाली होती. त्यात आमचेच पीअर एज्युकेटर, म्हणजे कामगारांतलेच प्रचारक, प्रश्न विचारत होते, तेही मागाच्या शेडमध्ये, मालकाच्या मुलासमोर. निरोधाचा वापर जवळजवळ शंभर टक्के! तो अहवाल आजही काढून बघायची लाज वाटते.

नंतर आम्ही गुप्त मतदानाची पद्धत घेतली, शेजारच्या कर्नाटकात ती बरीच वापरली गेली आहे. दहा-बारा जण अंतर ठेवून, आडोशाला बसतात. प्रत्येकाकडे प्रश्नांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि ‘हो’, ‘नाही’, ‘लागू नाही’ अशा तीन पेट्या. प्रश्न मोठ्याने वाचायचा, चिठ्ठी पेटीत. कोणाचं उत्तर कोणतं हे आम्हालाही कळत नाही, म्हणून लोक खरं सांगतात. तोटा एवढाच की एकाच माणसाचा आधी-नंतरचा बदल जुळवता येत नाही, गटाची टक्केवारी तेवढी मिळते. प्रश्न तेलुगूत आणि कन्नडमध्येही तयार ठेवा. भाषांतर पुस्तकी नको, आपल्या गल्लीतलं हवं.

किती लोक लागतील? वापर ५० टक्क्यांवरून ६५ वर गेला हे खात्रीने म्हणायला आधी साधारण १७० आणि नंतर १७० जण लागतात. एकाच शेडमधले सगळे उचलले तर जास्त लागतील, कारण एका शेडमधली माणसं एकमेकांसारखीच वागतात. हे १७० निरोधाच्या प्रश्नाला ‘लागू नाही’ न म्हणणारे हवेत, हे आम्हाला उशिरा सुचलं.

नुसतं आधी-नंतर पुरत नाही. त्याच वर्षी सरकारी मोहीम जोरात असेल तर श्रेय कुणाचं? म्हणून ज्या वस्तीत तुम्ही वर्षभराने जाणार आहात तिथेही आताच आणि वर्षअखेरीला पाहणी करा. कुणाला कायमचं वंचित ठेवत नाही, रांग फक्त मागे-पुढे. आधीची पाहणी ज्या महिन्यात, त्याच महिन्यात वर्षानंतरचीही घ्या. एक जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि दुसरी भर पावसाळ्यात घेतलीत तर यात्रेचा फरक तुमच्या खात्यात जमा होईल.

नाव, मोबाईल नंबर काही लिहून घेऊ नका. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, गोपनीयता त्यात बंधनकारक आहे. आणि हो, पेट्यांवर खर्च नको. आम्ही चादरींच्या रिकाम्या खोक्यांना वरून चीर पाडली आणि रंगीत कागद चिकटवले.