कोल्हापुरात मॉडेल रेल्वेचा क्लब काढून दिवाळीच्या सुट्टीत प्रदर्शन भरवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

चार-पाच जण जमले की पुरे, नोंदणीचं नंतर बघा. आधी सगळ्यांचं स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती लहान ते, एकच ठरवा. मी एचओ म्हणेन: प्रमाण १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन स्केल त्याहून लहान, जागा कमी खातं, पण पोरांना डबे रुळावर बसवता येत नाहीत. प्रत्येकानं घरी चार फुटी प्लायवर आपला तुकडा करायचा. टोकाला रूळ कडेपासून किती आत, हे मात्र सारखंच हवं, नाहीतर जोडताना बोंब. (आमची झाली!) देखाव्याला मातीचा किल्ला आहेच, त्याच्या पायथ्यानं मिरज पॅसेंजर फिरवा. गर्दीत रुळांवर धूळ बसून इंजिन अडखळतं, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं हाताशी ठेवा. हे सगळं सुरू करण्याआधी एकदा पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या.