‘लान झान’ अशी हाक मारायचा हक्क कुणाला?

वाचकांचे प्रश्न : चिनी मालिका आणि कलावंत

प्रश्न : ‘द अनटेम्ड’ पाहायला घेतली आणि तिसऱ्या भागापर्यंतच डोके गरगरले. एकाच माणसाला कुणी वेई यिंग म्हणते, कुणी वेई वूशियान, कुणी आणखी काही. हा माणूस एक की तीन?

एकच. जुन्या चीनमध्ये शिकल्यासवरल्या घरातल्या पुरुषाला निदान दोन नावे असत. जन्मल्यावर ठेवलेले ते ‘मिंग’, आणि वयात आल्यावर, म्हणजे साधारण विसाव्या वर्षी मिळायचे ते ‘झी’. मिंगने हाक मारायची ती आईवडिलांनी आणि गुरूने. स्वतःचा उल्लेखही माणूस मिंगनेच करी. बरोबरीच्यांनी आणि परक्यांनी मात्र झी वापरायचे. शिवाय लौकिकाने चिकटलेली उपाधी वेगळी. आता जुळवून पाहा. वेई हे आडनाव (चिनी नावात आडनाव आधी येते), यिंग हे मिंग, वूशियान हे झी आणि ‘यीलिंग लाओझू’ ही लोकांनी ठेवलेली उपाधी. दुसरा नायक लान झान. त्याचे झी वांगजी, उपाधी हानग्वांग-जून.

खरी गंमत पुढेच आहे. सगळे जग ज्याला अदबीने ‘हानग्वांग-जून’ म्हणते, त्याला वेई यिंग पहिल्यापासून खुशाल ‘लान झान’ म्हणतो. आपल्याकडे ‘अहो’वरून एकदम ‘अरे’वर यावे, तसा हा प्रकार. आधी ते आगाऊपणाचे वाटते, नंतर त्याच हाकेत सगळी जवळीक येऊन बसते; आणि तो शिस्तीचा पुतळा उलट ‘वेई यिंग’ म्हणतो, तेव्हा त्याला वेगळे काही बोलून दाखवावे लागत नाही. उलट वेई यिंगबरोबर लहानाचा मोठा झालेला जियांग चेंग रागाच्या भरात ‘वेई वूशियान’ असे आडनावासकट ओरडतो, आणि त्याची बहीण ‘आ-शियान’ म्हणते. हा ‘आ’ लाडाचा. उपशीर्षकांत या छटा पुष्कळदा सपाट होतात, म्हणून डोळे खाली असले तरी कान वर ठेवा.

पहिल्या दोन भागांत कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पुढे त्रास नाही. आडनाव, मिंग, झी, उपाधी असे चार रकाने पुरतात. एक खबरदारी मात्र घ्या. ‘नर्वाना इन फायर’मधल्या नायकालाही तीन नावे आहेत, पण तो प्रकार निराळा. लिन शू हे जन्माचे नाव, मेई चांगसू हे नव्या आयुष्यातले आणि सू झ हे राजधानीत वावरताना घेतलेले टोपणनाव. तिथे नावे लपण्यासाठी आहेत, मानासाठी नाहीत. कुणाला कोणते नाव ठाऊक आहे, यावरच सगळे कथानक उभे आहे.

प्रश्न : पडद्यावरच्या नटाचा आवाज त्याचा स्वतःचा नसतो म्हणे. मग आम्ही कौतुक करतो ते कुणाचे?

पुष्कळदा दोघांचे. ऐतिहासिक पोशाखी मालिकांत आवाज मागून भरणे ही जुनी रीत आहे. कारणे सरळ आहेत. जेजियांग प्रांतातल्या हेंगदियान चित्रनगरीत एका वेळी अनेक मालिकांची चित्रीकरणे शेजारीशेजारी चालू असतात. एकीकडे हळव्या निरोपाचा प्रसंग आणि भिंतीपलीकडे घोडे किंवा हातोडे. त्यातच हाँगकाँग-तैवानचे कलावंत आपल्या वळणाची मँडरिन (प्रमाण चिनी) बोलतात, आणि दरबारातल्या सम्राज्ञीच्या तोंडी ते वळण खपत नाही. शिवाय सरकारी मंजुरीच्या वेळी एखादा शब्द किंवा नाव बदलावे लागले, तर आवाज मागून भरलेला असणे सोयीचे पडते. ओठ एक म्हणतात आणि कानावर दुसरेच पडते, अशी जागा दिसली की तिथे बहुधा असे काही घडले आहे असे समजा.

‘लेजंड ऑफ झेन हुआन’मध्ये (२०११, ७६ भाग) सुन ली हिच्या झेन हुआनला आवाज जी ग्वानलिन हिचा आहे. ‘द अनटेम्ड’मध्ये (२०१९, ५० भाग) वांग यीबोने रंगवलेल्या लान वांगजीचा तो खोल, मोजका आवाज बियान जियांगचा. याच दोघांचे आवाज इतक्या मालिकांत आहेत की चार-पाच मालिका झाल्यावर ‘हा नायक ओळखीचा वाटतो’ असे होते, ते चेहऱ्यामुळे नव्हे.

ओळखायचे कसे? पात्र दालनातून अंगणात आले तरी आवाजाचा घुमारा बदलत नसेल, पळून आल्यावरही श्वास ताब्यात असेल, कुजबूज आणि आरडाओरडा दोन्ही कानाजवळून ऐकू येत असेल, तर आवाज स्टुडिओतला आहे. आता नट स्वतःही स्टुडिओत जाऊन आपला आवाज पुन्हा भरू शकतो, म्हणून शेवटची खात्री श्रेयनामावलीत करायची. तिथे ‘पेइयिन’ या मथळ्याखाली आवाज देणाऱ्यांची नावे असतात. नटाचा मूळ आवाज असेल तर त्याला ‘युआनशेंग’ म्हणतात, आणि हल्ली त्याची जाहिरातही होते.

आवाज उसना म्हणून अभिनय खोटा, असे आम्ही म्हणणार नाही. सुन लीचे डोळे कुणी उसने दिलेले नाहीत. पण संवादफेकीचे गुण देताना हात आखडता घ्यावा, एवढे नक्की. कॅमेऱ्यासमोर संवादाऐवजी नुसते ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणणाऱ्यांसाठी चिनी प्रेक्षकांनी ‘आकडेवाल्या बाई’ असा शब्दच काढला आहे. त्यांना एकही गुण नको.

प्रश्न : माझ्या आवडत्या नटाची नवी मालिका पाहिली आणि तो जुन्यापेक्षा कच्चा वाटला. एवढी घसरण कशी?

घसरण नसेलही. चिनी मालिका आधी पुरी चित्रित होते, मग मंजुरीतून जाते आणि मग वाहिनी किंवा ऑनलाइन मंच तारीख ठरवतो. या वाटेवर ती वर्षवर्ष अडकू शकते. ‘द वुल्फ’चे चित्रीकरण २०१७च्या सुमाराचे, पण ती दिसली २०२०च्या अखेरीस. त्याच्या मधल्या काळात शाओ झान ‘द अनटेम्ड’मधल्या वेई यिंगमुळे घराघरांत पोचला होता. साहजिकच ‘द वुल्फ’मधला दुय्यम भूमिकेतला, नवखा शाओ झान लोकांना ‘पुढचा’ वाटला. होता तो मागचा. म्हणून नटाची वाटचाल पाहायची असेल तर प्रसारणाचे वर्ष बाजूला ठेवून चित्रीकरणाची सुरुवात केव्हा झाली ते शोधा. मालिकेच्या माहितीपानावर ते सहसा असते.

प्रश्न : अंतःपुराच्या मालिकांत एक बाई दुसरीपुढे गुडघे टेकते, तिसरीपुढे नुसती वाकते. कोण मोठी, कोण लहान हे कसे कळावे?

छिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातल्या मालिकांपुरती उतरंड पाठ करा, निम्मे कथानक आपोआप उलगडेल. सर्वांत वर ‘हुआंगहोऊ’, म्हणजे सम्राज्ञी, एकच. तिच्याखाली ‘हुआंग ग्वेईफेई’ एक, ‘ग्वेईफेई’ दोन, ‘फेई’ चार, ‘पिन’ सहा. त्याखाली ‘ग्वेईरेन’, ‘चांगझाई’ आणि ‘दायिंग’. या तिघींना संख्येची मर्यादा नाही. जागा मोजक्या असल्या की वरची रिकामी झाल्याशिवाय खालचीला बढती नाही. ‘फेई’च्या चारही जागा भरल्या असताना एखादी ‘पिन’ गरोदर राहिली, की चहात काहीतरी मिसळले जाणार हे प्रेक्षकाने ओळखावे.

पदाआधी येणारा शब्द म्हणजे सम्राटाने दिलेले मानाचे बिरुद. ‘हुआ फेई’ म्हणजे हुआ हे बिरुद मिळालेली फेई. झेन हुआन आत येते ती चांगझाई म्हणून आणि चढत चढत ‘शी ग्वेईफेई’ होते. त्या ७६ भागांचा नकाशा एवढाच.

बोलण्यातूनही पायरी कळते. सम्राट स्वतःला ‘झेन’ म्हणतो, विधवा राजमाता ‘आईजिया’. राण्या सम्राटापुढे ‘छेनछिए’ म्हणजे ‘ही दासी’ आणि खालच्यांपुढे ‘बेनगोंग’ (शब्दशः ‘हा महाल’) म्हणतात. मालिकांच्या संकेतानुसार ‘बेनगोंग’ म्हणायचा मान ‘पिन’पासून वरच्यांना. कालपर्यंत नरमाईने बोलणारीने एक दिवस सहज ‘बेनगोंग’ म्हटले, की समोरचीचा चेहरा बघावा.

मात्र कोण चांगली आणि कोण वाईट, हे इतिहासाला विचारू नका. २०१८मध्ये छियानलाँग सम्राटाच्या अंतःपुरावर दोन मोठ्या मालिका आल्या. ‘स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस’मध्ये (७० भाग) वू जिनयान हिने रंगवलेली वेई घराण्यातली राणी ही नायिका आणि नारा सम्राज्ञी ही कारस्थानी. ‘रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस’मध्ये (८७ भाग) बरोबर उलटे; झोउ शुन हिची नारा सम्राज्ञी नायिका आणि तीच वेई राणी खलनायिका. दोन्ही पाहणार असाल तर मध्ये महिनाभर जाऊ द्या, नाहीतर कुणाच्या बाजूने रडायचे हेच समजत नाही.

प्रश्न : ‘वूशिया’ आणि ‘शियानशिया’ यांत फरक काय?

दोन्ही साहसकथांचे प्रकार. वूशियातला वीर माणूसच असतो. तलवार आणि तालीम यांच्या जोरावर छपरावरून उडाला तरी म्हातारा होतो आणि मरतो. शियानशियात साधना, अमरत्व, देव-दानव, पुनर्जन्म हे सगळे येते. तिथे नायिका मेली म्हणजे बहुधा मध्यंतर झाले. ‘इटर्नल लव्ह’ (२०१७, ५८ भाग) हा याचा ठळक नमुना.

प्रश्न : साठ-सत्तर भाग पाहायला सवड नाही. सुरुवात कुठून करू?

बारा भागांपासून करा. ‘द बॅड किड्स’ (२०२०) आणि ‘द लाँग सीझन’ (२०२३) या दोन्ही प्रत्येकी १२ भागांच्या, दोन्हींचा दिग्दर्शक शिन श्वांग आणि दोन्हींत नट छिन हाओ. ‘द लाँग सीझन’मध्ये फान वेई आहे, जो चिनी प्रेक्षकांना वर्षानुवर्षे विनोदी प्रहसनांतला म्हणून ठाऊक होता, इथे त्याने मुलगा गमावलेला टॅक्सीवाला असा काही उभा केला आहे की विनोदही घशात अडकतो. बसमध्ये पुन्हापुन्हा तोच प्रसंग घडतो ती ‘रीसेट’ (२०२२) १५ भागांची. तिन्ही आजच्या किंवा अलीकडच्या काळातल्या, त्यामुळे पदव्या-बिरुदांचा जाच नाही.

लांबीचे म्हणाल, तर फेब्रुवारी २०२०मध्ये चीनच्या प्रसारण नियंत्रकांनी मालिका ४० भागांच्या आत ठेवाव्यात, शक्यतो ३०च्या आत, अशी सूचना काढली. पाणी घालून वाढवलेल्या कथांवर तो उतारा होता. त्यावर निर्मात्यांनी पळवाटही काढली : २०२२ची ‘लव्ह लाइक द गॅलक्सी’ ५६ भागांची, पण २७ आणि २९ अशा दोन मालिका म्हणून दाखवली गेली. पहिल्या २७ भागांअखेर गोष्ट अधांतरी सुटली असे वाटले, तर तुमच्या पाहण्यात चूक नाही. दुसरी मालिका शोधा.

जुन्या लांब मालिकांत मात्र ‘नर्वाना इन फायर’ (२०१५, ५४ भाग) वगळू नका. पहिले तीन-चार भाग नावांच्या गर्दीमुळे जड जातात, तेवढे सोसा.

प्रश्न : हू ग मोठा की शाओ झान, यावर घरात वाद आहे. तुम्ही निवाडा द्या.

हू ग म्हणजे ‘नर्वाना इन फायर’चा नायक. दोघांच्या वयात आणि अनुभवात मोठे अंतर आहे, त्यामुळे निवाडा नाही, पण तपासायची रीत सांगतो. एकाच नटाचे तीन प्रसंग निवडा : एक रडण्याचा, एक लांब संवादाचा आणि एक असा की ज्यात तो फक्त ऐकतो आहे. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. रडणे डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी आणि संवाद उसन्या आवाजाने निभावतो. ऐकणे निभावत नाही. आणि हे मूळ गतीनेच पाहा. दीडपट गतीने पाहिले की नटाने घेतलेले विराम आधी मरतात.

हू गचा मेई चांगसू आजारी आहे, अंगात लढायचे बळ उरलेले नाही, म्हणून अभिनयाची जागा फारच थोडी. विचार करताना बोटांनी कापड चोळायची लिन शूची जुनी लकब त्याने सबंध मालिकेत इतकी जपली आहे की त्याचा जुना मित्र राजकुमार जिंग याच्या ती नजरेत येते, तेव्हा प्रेक्षकालाही धस्स होते. या भूमिकेला २०१६मध्ये शांघायचा मॅग्नोलिया हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, आणि दिग्दर्शक वांग कार-वाईच्या ‘ब्लॉसम्स शांघाय’साठी त्याला तो २०२४मध्ये पुन्हा मिळाला. मॅग्नोलिया परीक्षक ठरवतात, गोल्डन ईगल या दुसऱ्या पुरस्कारात प्रेक्षकांच्या मतांनाही वाव असतो. चाहत्यांच्या वादात पुरस्कार पुढे करताना हा फरक लक्षात ठेवावा. अभिनेत्री झाओ लीयिंगला कित्येक वर्षे ‘लोकप्रिय, पण…’ असे म्हणत आले. ‘वाइल्ड ब्लूम’मधल्या पोलादाच्या धंद्यात उतरलेल्या बाईसाठी २०२४मध्ये फेईतियान हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला आणि तो ‘पण’ गळाला.

प्रश्न : नावांचा खरा उच्चार काय? प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो.

रोमन अक्षरे आपण इंग्रजीसारखी वाचतो, तिथेच फसतो. मँडरिनमध्ये ब-प, द-त, ग-क हा आपला घोष-अघोष भेद नाही; तिथला भेद आहे अल्पप्राण आणि महाप्राण असा, आणि तो मराठी जिभेला उपजत येतो. रोमन ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे ओठ मिटून उच्चारलेला फ; ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ; ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. ‘जे’ म्हणजे ‘चहा’तला च, ‘क्यू’ म्हणजे छ, ‘एक्स’ म्हणजे श. आणि ‘झेड’? तो चक्क ‘चमचा’तला च. इंग्रजी वाचणाऱ्याला हा शिकावा लागतो, आपल्याला फुकट मिळतो. ‘झेड’ला ‘एच’ जोडला असेल तर जीभ मागे वळवून च म्हणायचा.

म्हणजे नट वांग काई हा खरे तर ‘वांग खाइ’, नटी तांग यान ही ‘थांग येन’, आणि शाओ झान ‘श्याव चान’ (जीभ वळवून). या सदरात मात्र नावे रूढ पद्धतीनेच छापली आहेत, नाहीतर शोधायला गेलात तर सापडायची नाहीत.