बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

जुन्या गाडीच्या चार्जिंगबद्दल इतके प्रश्न साचले होते की या खेपेला दुसरा विषयच घेतलेला नाही. वाचताना एक डिजिटल मल्टिमीटर हाताशी असू द्या. महागडा नको, डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट आणि १० अँपिअरपर्यंत करंट मोजणारा असला की झालं.

प्रश्न : वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' वाजतं. आता अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बदला म्हणतात. बदलू का?

थांबा. आजवर कोणी काही मोजलंय, असं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही.

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटर लावा. आकडा १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि १२ च्या खाली गेली असेल तर जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच फिरवून आल्यावर मोजू नका. तेव्हा प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटा दिलासा देतो.

मग इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा. आता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. त्यातच हेडलाईट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३ च्याही खाली घसरत असेल किंवा मुळातच १२.४ वर अडकून हळूहळू कमी होत असेल, तर बॅटरीपर्यंत पुरेसं चार्जिंग पोचत नाही. मात्र अल्टरनेटरच गेला, असं एवढ्यावरून ठरत नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. सगळे दिवे चालू ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टावर मीटरची लाल पिन आणि बॅटरीच्या प्लसवर काळी पिन टेकवा. काळी पिन क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटावरच हवी. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट वाटेतच खर्ची पडतायत. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजा, तिथे ०.२ च्या आत हवं. मी एकदा एका गाडीचा धडधाकट अल्टरनेटर उतरवून दुसरा चढवला. तोही चार्ज करेना. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूला पांढरा थर बसला होता, दोष एवढाच. तेव्हापासून आधी पॉलिश पेपर, मग पाना.

फॅन बेल्टही बघा. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठा दाबला की तो १० ते १२ मिलिमीटर दबावा. व्ही आकाराचा बेल्ट झिजून खोबणीच्या तळाला टेकला असेल तर कितीही ताणा, घसरणारच. तो कडांनी पकडतो, तळाने नाही.

प्रश्न : सेल्फ मारताना क्लचची केबल गरम होते. एकदा तर धूर निघाला. केबलचा आणि बॅटरीचा काय संबंध?

इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटलेली किंवा गंजलेली आहे. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. त्यांना परतीची नेहमीची वाट मिळाली नाही की ते क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल धरतात. आधी पट्टी बदला आणि जोडायच्या दोन्ही जागा उघडा पत्रा दिसेपर्यंत घासा. मग केबल तपासा. आतून भाजली असेल तर तीही जाणार.

प्रश्न : हेडलाईट लावले की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो, बंद केले की विझतो. गाडी चालते. दुर्लक्ष केलं तर चालेल?

नाही. आधी हा दिवा कसा चालतो ते समजून घ्या, निम्मं उत्तर त्यातच आहे. त्याचं एक टोक इग्निशन स्विचकडे आणि दुसरं अल्टरनेटरकडे जातं. किल्ली फिरवली की एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसरीकडे जवळजवळ शून्य, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की दोन्हीकडे सारखाच जोर. रस्सीखेचीत दोर जागचा हलत नाही ना, तसा करंट थांबतो आणि दिवा विझतो. मंद उजेड म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीत नाहीत.

कारणं मुख्यतः दोन. जाड वायरीत किंवा इग्निशन स्विचच्या जोडात अडथळा असेल, तो वरच्याच पद्धतीने सापडेल. नाहीतर अल्टरनेटरच्या आतला डायोड, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, गेला असेल. त्यासाठी इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोडवर संशय घ्या. काही स्वस्त मीटर मात्र एसीवर ठेवले तरी डीसीलाच भुलतात आणि २५-३० असा भलताच आकडा दाखवतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून बघा. शून्य आलं तरच त्या मीटरवर विश्वास ठेवा.

एक उलटी गोष्टही सांगतो. किल्ली फिरवल्यावर हा दिवा अजिबात लागत नसेल तर खुश होऊ नका. कित्येक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, किंवा इंजिन चांगलं रेस केल्यावरच उठतो. आणि बल्ब ठीक असून दिवा अधूनमधून लागत असेल, तर अल्टरनेटरच्या पाठीवर लाकडी मुठीने हलकेच ठोका. तेवढ्यानं चार्जिंग सुरू झालं तर कार्बन ब्रश झिजलेत. बऱ्याच मॉडेलांत नुसते ब्रश बदलता येतात, अख्खा अल्टरनेटर टाकावा लागत नाही.

प्रश्न : आमचे मेकॅनिक इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढतात आणि गाडी बंद पडली नाही की अल्टरनेटर ठीक म्हणतात. ही पद्धत बरोबर आहे का?

मुळीच नाही. अल्टरनेटरच्या चढउतारांना बॅटरीच वेसण घालते. ती काढताच व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळू शकतं आणि डायोड, रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग), रेडिओ, जे सापडेल ते जळतं. पुढच्या वेळी त्यांच्या हाती मीटर द्या.

प्रश्न : गाडी फक्त रविवारी काढतो. चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. चालू असताना मीटर १४.२ दाखवतो.

चार्जिंग उत्तम आहे, म्हणजे गाडी बंद असताना कुठेतरी करंटची गळती आहे. दारं लावा, किल्ली काढा, बॅटरीची मायनस केबल सोडा आणि केबल व खुंट यांच्यामध्ये १० अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. घड्याळ आणि रेडिओची मेमरी धरून ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा; आकडा ज्याने धपकन पडेल ते सर्किट गुन्हेगार.

सगळे फ्यूज काढूनही गळती थांबली नाही, तर बॅटरी पूर्ण सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता थांबली? मग गळका डायोडच.

त्याआधी डिकीचा आणि कप्प्यातला दिवा बघा. ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी सव्वादोन दिवसांत निम्मी होते. झाकण लावल्यावर दिवा विझतो का हे कळायला मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा.

प्रश्न : दर पंधरवड्याला बॅटरीत पाणी घालावं लागतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब सारखे उडतात.

चार्जिंग जास्त होतंय. चालू इंजिनवर १५ व्होल्टच्या वर दिसलं तर रेग्युलेटर बघा, पण त्याची अर्थिंग आणि बॅटरीचं व्होल्टेज त्याला कळवणारी बारीक वायर आधी तपासा. ती वायर तुटली की काही रेग्युलेटरांना बॅटरी सतत रिकामी वाटते आणि ते रेटत राहतात. व्होल्टेज ठीक निघालं तर हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. भरलेल्या बॅटरीत सहाही सेल १.२६ ते १.२८ दाखवतात, पाच तसे आणि एखादाच १.१५ असेल तर तो सेल संपला. त्या बॅटरीजवळ ठिणगी आणि सिगारेट नको, आत हायड्रोजन तयार होतो.

प्रश्न : साठच्या दशकातल्या गाडीत डायनॅमो आहे. सिग्नलला थांबलं की दिवे मंदावतात. अल्टरनेटर बसवू का?

डायनॅमोचा, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या जुन्या जनित्राचा, तो स्वभावच आहे. कमी आरपीएमला तो पुरेसं देत नाही आणि कटआऊट नावाचा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून तोडतो. रेस वाढवल्यावर दिवे उजळत असतील तर बिघाड नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सहज सुरू होत असेल तर मी असतो तर हात लावला नसता.

बसवायचाच असेल तर बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलाय की मायनस, ते आधी बघा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असे. अशा गाडीत मायनस अर्थचा अल्टरनेटर तसाच जोडलात तर डायोड त्याच क्षणी जळतील.