अंदाजपत्रक हजार कोटींचं, मग आमची गल्ली खड्ड्यात का?

तुमचे प्रश्न दोन. कोल्हापूर महापालिकेचं अंदाजपत्रक हजार कोटींच्या वर असताना गल्लीतल्या रस्त्याला पैसे का नसतात? आणि घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, वाढवायचा प्रस्ताव आला तर विरोध करायचा का? मी तीस वर्षं एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली. कोल्हापूरच्या नव्हे, पण वह्या सगळीकडे सारख्याच.

तो हजार कोटींचा आकडा आधी बाजूला ठेवा. महसुली (रोजचा जमाखर्च), भांडवली (बांधकाम आणि खरेदी), विशेष प्रकल्प, वित्त आयोग अशी सगळी बेरीज त्यात असते. प्रकल्पाचा निधी प्रकल्पालाच लागतो. केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून तुमच्या गल्लीत डांबर पडत नाही. हातात खेळता पैसा म्हणाल तर घरफाळा, पाणीपट्टी, नगररचनाची फी, गाळ्यांची भाडी आणि जीएसटीपोटी शासनाकडून येणारी भरपाई. ती आली की पगार आणि पेन्शन आ वासून उभेच असतात.

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड जमायची. त्यात गळती किती होती ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी जकातीची आठवण काढून उसासे टाकणारा नाही. पण शहरात व्यापार वाढला की जकात आपोआप वाढायची. २०११ ला तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही माफ झाला आणि २०१७ ला जीएसटी लागू झाला. आता भरपाई वर्षाला ८ टक्क्यांनी वाढते. कायद्यातच तसं आहे, आणि आकडा वाईट नाही. फक्त लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेतला धंदा दुप्पट झाला काय आणि निम्म्यावर आला काय, तिजोरीला फरक पडत नाही.

हद्दवाढीवर इथं आधीच पुष्कळ भांडून झालंय. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून शहर ६६.८२ चौरस किलोमीटरचंच आहे, आणि हद्दीबाहेरच्या पाचगाव-उचगावची माणसं रोज याच रस्त्यांवरून कामाला येतात. एवढंच लिहून पुढं जातो.

मला खरं बोलायचंय ते थेट पाइपलाइनबद्दल. नोव्हेंबर २०२३ ला काळम्मावाडी धरणाचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं, गुलाल उधळला, आणि तो उधळायलाच हवा होता. पण पूर्वी कळंबा तलावाचं पाणी उतारानं शहरातल्या जुन्या टाकीत, ‘पाण्याच्या खजिन्यात’ यायचं, त्याला वीजबिल नव्हतं. हे पाणी धरणातून पंपानं उचलावं लागतं. पाइप टाकायला अनुदान मिळालं. पंप चालवायला कुणी देत नाही. ते बिल दर महिन्याला, महापालिका असेपर्यंत.

आमच्याकडं एकदा असंच झालं. नवी योजना झाली, उद्घाटनाची कोनशिला बसली, आणि जादा मोटर घ्यायची तरतूद दोन वर्षं पुढं ढकलली. ऐन एप्रिलात चालती मोटर जळाली. रिवाइंडिंगला गेलेली मोटर आठवड्यानं आली. तोवर टँकरची बिलं मीच पास करत होतो. टँकरवर जे गेलं त्यात नव्या मोटरची निम्मी किंमत निघाली असती. माझ्या टिपणीवर साहेबांचा शेरा होता, ‘निधी उपलब्धतेनुसार पाहावे’. टँकरला मात्र निधी लगेच उपलब्ध झाला.

टोलचंही मूळ हेच. जवळ पैसे नव्हते म्हणून २२० कोटींचे रस्ते ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या पद्धतीनं करून घेतले, आणि ३० वर्षांचा टोल गळ्यात पडला. आपण आंदोलन करून तो घालवला, बरंच केलं. पण ते रस्ते पुन्हा करायची वेळ येते तेव्हा पैसे कुठून आणायचे, याची चर्चा त्या मोर्चांच्या शंभराव्या हिश्शानंही झाली नाही.

आता घरफाळा. सरसकट विरोध करू नका, सरसकट मान्यही करू नका. आधी थकबाकीची यादी मागा. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, तो वर्षानुवर्षं साचू देतात आणि मग अभय योजना काढून माफ करतात. वेळेवर भरणारा वेडा ठरतो. मग विचारा, आकारणीच न झालेल्या किंवा घर म्हणून नोंद असून दुकान चालणाऱ्या मिळकती किती सापडल्या? हे करून झाल्यावर वाढ मागितली, तर ती वाढ पंप, ड्रेनेज आणि डांबरीकरणाच्या राखीव निधीत जाईल असा ठराव आधी करून घ्या. आणि बिल नीट वाचा. त्यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर शासनाकडे भरायचा असतो, महापालिका नुसती गोळा करते.

पुढचं अंदाजपत्रक आलं की पहिलं पान वाचू नका, तिथं नव्या घोषणा असतात. घरफाळ्याची ओळ काढा आणि गेल्या वर्षीचा अंदाज व प्रत्यक्ष जमा हे दोन रकाने शेजारीशेजारी बघा. मग पाणीपुरवठ्याचं वीजबिल आणि पाणीपट्टीची वसुली. हे चार आकडे इथं टाका, आपण बसून बघू.