‘डिझेल सरलं’चं इंग्रजी आणि ‘रन’ची बाकीची कामं

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: ‘वी हॅव रन आउट ऑफ डिझेल’ या वाक्याचं भाषांतर मुलं ‘आम्ही डिझेलच्या बाहेर पळालो’ असं करतात. ‘रन आउट’ म्हटलं की त्यांना क्रिकेटच आठवतं. एवढ्याशा क्रियापदाला इतके अर्थ येतात कुठून? आणि ‘हॅव’नंतर ‘रॅन’ का नाही?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, तो लवकर सुटतो. रूपं ‘रन, रॅन, रन’ अशी आहेत. ‘रॅन’ एकटं उभं राहतं. हॅव, हॅज, हॅड किंवा वॉज, वेअर यांच्यानंतर तिसरं रूप लागतं, आणि ते पुन्हा ‘रन’च आहे. ‘कम, केम, कम’ आणि ‘बिकम, बिकेम, बिकम’ यांची घडण हीच. तिन्ही एकत्र पाठ करून घेतली तर ‘हॅव रॅन’ ही चूक बहुतेक जाते.

आता अर्थांकडे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकलं; क्रियापद म्हणूनच त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले गेले. हा पसारा पाहून घाबरायचं कारण नाही, कारण मुळाशी दोनच गोष्टी आहेत. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. ‘रिन्नन’ म्हणजे वाहणं, धावणं. ‘ॲर्नन’ म्हणजे धावायला लावणं, घोडा दौडवणं. पुढे दोन्ही मिसळून एकच ‘रन’ उरलं. आपल्याकडे ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ अजून वेगळे आहेत, म्हणून गिरणी चालते आणि मालक गिरणी चालवतो. इंग्रजीत ‘द मिल रन्स’ आणि ‘ही रन्स द मिल’. पुढे कर्म आलं की ‘चालवणे’, नसलं की ‘चालणे’ किंवा ‘वाहणे’: एवढी खूण पुष्कळ वाक्यांना पुरते.

वाहण्याचा अर्थ मुलांना क्वचितच सांगितला जातो, आणि तिथेच ती अडतात. ‘हिज नोज इज रनिंग’ म्हणजे नाक वाहतंय. ‘द कलर रॅन’ म्हणजे रंग सुटून दुसऱ्या कपड्याला लागला. उन्हाने रंग विटला तर तिथे ‘फेड’ हवं, ‘रन’ नको. पाणलोटाच्या कामात आपण ज्याला ‘अपधाव’ म्हणतो, म्हणजे जमिनीत न मुरता उतारावरून निघून जाणारं पाणी, तेही ‘रनऑफ’च.

या वाहण्यातूनच ‘रन आउट’ येतं: वाहता वाहता सरणं. वऱ्हाडीतलं ‘सरलं’ इथे ‘संपलं’पेक्षाही चपखल बसतं. वाक्य दोन तऱ्हांनी होतं. वस्तू कर्ता असेल तर ‘द डिझेल रॅन आउट’, इथे ‘ऑफ’ नाही. माणूस कर्ता असेल तर ‘वी रॅन आउट ऑफ डिझेल’, इथे ‘ऑफ’ हवाच. या दोन साच्यांची सरमिसळ ही उत्तरपत्रिकेतली नेहमीची चूक. सरण्याच्या पायऱ्याही शिकवाव्यात. ‘रनिंग लो’ म्हणजे सरत आलं. ‘रनिंग शॉर्ट’ म्हणजे कमी पडून राहिलं. ‘रन आउट’ म्हणजे टाकी कोरडी. क्रिकेटमधलं ‘रन आउट’ निराळं आहे. तिथे ‘रन’ म्हणजे धाव आणि ‘आउट’ म्हणजे बाद, म्हणून धावबाद. फलंदाजाबद्दल ‘ही वॉज रन आउट’ म्हणावं लागतं. नुसतं ‘ही रॅन आउट’ म्हटलं तर तो घराबाहेर पळाला असा अर्थ होतो.

आपल्या बोलीचा मोठा उपयोग काळ शिकवताना होतो. ‘मोटर चालून राहिली’, ‘तो जेवून राहिला’ ही वाक्यं वर्गात अशुद्ध म्हणून खोडली जातात, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. चालू क्रिया दाखवणारं हे रूप इंग्रजीच्या ‘इज रनिंग’शी जवळजवळ जुळतं. त्यावरून एक कसोटी करता येते: वऱ्हाडीत ‘-ऊन राहिला’ सहज बसलं तर इंग्रजीत ‘-इंग’ लावा, बसलं नाही तर साधा वर्तमानकाळ ठेवा. ‘मोटर चालून राहिली’ बसतं, म्हणून ‘द मोटर इज रनिंग’. ‘नाला आमच्या वावरातून जाते’ असंच आपण म्हणतो, ‘जाऊन राहिला’ म्हणत नाही. म्हणून ‘अ स्ट्रीम रन्स थ्रू अवर फील्ड’. वर्धा नदी यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते, तिथेही ‘रन्स’. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांकडे येतो. त्याला ‘इट रन्स इन फॅमिलीज’ म्हणतात, ‘इज रनिंग’ नाही. पण आज अंगात ताप आहे तर ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’, आणि त्यातला ‘अ’ गाळायचा नाही. पूर्वी चालायची, आता चालत नाही, असं सांगायचं तर ‘यूज्ड टु रन’: यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला रेल्वेगाडी हे त्याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण.

पुढे जोडलेला छोटा शब्दच अर्थ ठरवतो, आणि पुष्कळदा मराठीत त्याला तयार जोडी असते. ‘रन अप अ बिल’ म्हणजे कृषी केंद्रात उधारी चढवणं. ‘द बॅटरी रॅन डाउन’ म्हणजे बॅटरी उतरली. चढणं-उतरणं दोन्हीकडे एकाच दिशेने आहे. ‘द कॉस्ट रन्स इंटू लाख्स’ म्हणजे खर्च लाखांच्या घरात जातो. माणसाच्या बाबतीत ‘रन इंटू’ म्हणजे अवचित गाठ पडणं. ‘रन थ्रू द लिस्ट’ म्हणजे यादी नजरेखालून घालणं. निवडणुकीत मात्र जोडी उलटी पडते: आपला उमेदवार सरपंचपदासाठी उभा राहतो, अमेरिकेत तो ‘रन्स’, आणि ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच ‘स्टँड्स’.

सर्वनाम आलं की जागा सांभाळावी. ट्रॅक्टरखाली कुत्रा आला तर ‘द ट्रॅक्टर रॅन इट ओव्हर’; ‘इट’ मध्ये बसतं. उधारीचंही तसंच, ‘रॅन इट अप’. पण ‘रन इंटू’ आणि ‘रन आउट ऑफ’ फोडता येत नाहीत. ‘आय रॅन इंटू हिम’ बरोबर, ‘आय रॅन हिम इंटू’ चूक.

‘रन-ऑफ-द-मिल’ कापसाच्या मुलखात तरी नीट सांगितलं जावं. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला सरसकट माल, असा त्याचा आधीचा अर्थ. त्यावरून सामान्य, नेहमीचंच असा अर्थ आला. प्रतवारीवर भाव कसा ठरतो हे पाहिलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही.

राहिलं ‘ड्राय रन’, आणि इथे दोन अर्थ वेगळे ठेवायला हवेत. २ जानेवारी २०२१ ला कोरोना लसीकरणाचा देशभर ‘ड्राय रन’ झाला. ती लस न टोचता केलेली रंगीत तालीम होती. मोटरच्या पॅनेलवर लिहिलेला ‘ड्राय रन’ म्हणजे पंप पाण्याविना फिरणं. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवलेल्या, मोटरला थंड ठेवण्याचं आणि बेअरिंगला वंगणाचं काम पाणीच करतं. ते नसताना मोटर फिरत राहिली तर ती तापते, सील आणि बेअरिंग जळतात. पाणी उचलायचं नसल्यामुळे भार कमी होतो आणि अँपिअर, म्हणजे मोटर ओढते तो विजेचा प्रवाह, उतरतात. पुष्कळ पॅनेल तेवढ्यावरूनच ओळखून मोटर बंद करतात. ‘ओव्हरलोड’ला याच्या उलट अँपिअर चढतात: व्होल्टेज कमी असतं, एखादा फेज गेलेला असतो किंवा पंपात गाळ अडकलेला असतो. म्हणून ‘ड्राय रन’चा दिवा लागला तर आधी विहिरीतलं किंवा बोअरमधलं पाणी पाहावं, पातळी भरू द्यावी आणि मगच स्टार्टर दाबावा.