दूध गरम की गार? कॉर्नफ्लेक्सवाल्या घरासाठी उत्तर

ताई, तुमच्या घरचा तिढा मला कळला तो असा: नवऱ्याला कॉर्नफ्लेक्स वाफाळत्या दुधात हवेत, तुम्हाला फ्रिजमधल्या गार दुधात, सासूबाई म्हणतात सकाळी सकाळी गार दूध नको, आणि मुलगा चॉकलेटवाल्याखेरीज कशाला हात लावत नाही. त्यात बरोबर कोण?

मी स्वतः कोमट दुधाच्या पक्षातला, तेव्हा निकाल थोडा पक्षपाती समजून वाचा.

कॉर्नफ्लेक्स बनतात कसे, ते आधी बघू. मक्याच्या दाण्याचे जाड तुकडे माल्ट, साखर आणि मीठ घालून वाफेच्या दाबाखाली शिजवतात, वाळवतात, रुळांखाली चपटे करतात आणि मग कडक भाजतात. त्या भाजण्यात पाणी जवळजवळ सगळं उडून जातं, पृष्ठभागावर बारीक फोड येतात आणि कुरकुरीतपणा येतो. म्हणजे दुधात पडलेला फ्लेक पाणी ओढणारच. गरम दुधात तो फार लवकर ओढतो, गार दुधात सावकाश, एवढाच फरक. अमेरिकेत केलॉग बंधूंच्या हातून हा प्रकार घडला, 1906 साली धाकट्या भावाने कंपनी काढली, आणि तिथे तो गार दुधातच खायची रीत पडली. आपल्याकडे दूध उकळायचं, साय धरू द्यायची आणि गरमच प्यायचं. 1994 साली केलॉग्ज भारतात आले तेव्हा घोडं नेमकं इथेच अडलं: लोकांनी सवयीने गरम दूध ओतलं आणि कुरकुरीत म्हणून आणलेल्या वस्तूचा लगदा झाला. बाजारात मोहन मीकिनचे (हो, ओल्ड मंकवालेच) कॉर्नफ्लेक्स होते, पण घरोघरी सकाळी पोहे, उपमा, नाहीतर चहा-पोळी.

त्यामुळे तुमचे यजमान चुकत नाहीत. त्यांना बहुधा लगदाच आवडतो. दूध-पोहे खाऊन वाढलेल्या माणसाला मऊ पडलेला, दूध प्यालेला फ्लेक खटकत नाही. उलट कुरकुर वाजणारं खाणं त्याला न्याहारी वाटतच नाही. अशा माणसाला गार दुधाचं व्याख्यान देऊ नका. त्यांनी खुशाल दलिया किंवा ओट्स खावेत, ते गरम दुधात शिजवण्यासाठीच असतात आणि स्वस्तही पडतात. कडक भाजलेला फ्लेक विकत घेऊन तो मऊ करण्यात पैसे वाया जातात, एवढाच माझा आक्षेप.

सासूबाईंसाठी: दूध उकळून बाजूला ठेवा आणि बोटाला जेमतेम कोमट लागलं की घ्या. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, ते गार ओतलं तरी बिघडत नाही. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र उकळल्याशिवाय नकोच. आणि साय काढून ठेवा. फ्लेक्सवर साय चिकटली की काही लोक खूश होतात, काही ताट सोडून उठतात. मी दुसऱ्या गटातला.

आता खरी युक्ती. सगळे फ्लेक्स एकदम वाटीत ओतून वर दूध घालायचं, हेच मुळात चुकतं. आधी दूध वाटीत, मग मूठभर फ्लेक्स, तेवढे खाऊन झाले की पुढची मूठ. चहात खारी बुडवताना आपण अख्खा पुडा कुठे कपात रिकामा करतो! असं खाल्लं तर कोमट दुधातही शेवटच्या घासापर्यंत कुरकुर टिकते. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे पाकिटातच मऊ पडतात, तेव्हा मंद आचेवर कढईत दोन मिनिटं परता आणि पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असताना डबा लावलात तर आतल्या वाफेने पुन्हा सगळं मऊ.

फळ घालत असाल तर केळं, चिकू किंवा आंबा. आंबट स्ट्रॉबेरी कोमट दुधात टाकली तर दूध फाटतं. ती दह्याबरोबर बरी. तुम्ही म्यूसलीबद्दलही विचारलं होतं. झुरिकच्या बिर्शर-बेनर डॉक्टरांच्या मूळ पदार्थात मुख्य होतं ते किसलेलं सफरचंद. ओट्स रात्रभर भिजवलेले आणि तेही चमचाभर. आज पाकिटात मिळते ती सुकी, गोड, मनुकावाली भेळ त्याची लांबची नातेवाईक म्हणायची. ती कुठल्याही दुधात चालते, फक्त पाच-दहा मिनिटं भिजू द्या.

मुलाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. चॉकलेटवालं पाकीट उलटं करून शंभर ग्रॅममागे साखर किती ते वाचा. समजा 25 ग्रॅम असेल, तर 30 ग्रॅमच्या वाटीत साडेसात ग्रॅम झाली. पण 30 ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा काट्यावर मोजून बघाच. मुलं सहज दुप्पट घेतात, म्हणजे पंधरा ग्रॅम, जवळपास तीन चहाचे चमचे, आणि वरून दुधात साखर घातली तर ती वेगळी. एकदम बंद केलंत तर युद्ध होईल. अर्धे साधे, अर्धे चॉकलेटवाले मिसळा आणि हळूहळू साध्यांचं प्रमाण वाढवा. शिवाय अशा वाटीतलं प्रथिन मुख्यतः दुधातून येतं, फ्लेक्समधून अगदी थोडं, म्हणून अकराच्या आत पोरगं भूक भूक करतं. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा एक उकडलेलं अंडं सोबत द्या.

राजगिऱ्याच्या लाह्या कोमट दूध-गुळात कधी देऊन बघितल्यात का? मला विचाराल तर चवीला कॉर्नफ्लेक्सपेक्षा सरस, पण मऊ पडायला क्षण लागत नाही. तुमच्या यजमानांना नक्की आवडतील.

आणि हो, चिवड्यासाठी वाण्याकडे सुटे मिळतात ते मक्याचे पोहे चुकूनही दुधात टाकू नका. ते भाजलेले नसतात, तळल्याशिवाय फुलत नाहीत, आणि दुधात कितीही वेळ ठेवले तरी दाताखाली चिवटच लागतात. उलटंही तेच: न्याहारीचे फ्लेक्स तापल्या तेलात सोडले तर त्यातल्या साखरेमुळे बघता बघता काळे पडतात. चिवड्यात घालायचेच असतील तर फोडणी झाल्यावर, गॅस बंद करून, शेवटी मिसळा.