खाटकाशी आधी बोला, मग मांस घ्या

पहिल्यांदाच जाताय तर गर्दीची वेळ टाळा. खाटीक मोकळा असला की निवांत विचारता येतं: जनावर कुठल्या शेतावरचं, काय खाऊन वाढलं, कापलं कधी? जो खरंच ओळखीच्या शेतकऱ्याकडून माल घेतो, तो हे चटकन सांगतो. नुसतं ‘सगळं इथलंच आहे’ असं मोघम उत्तर मिळालं, तर मी तरी तिथून घेत नाही.

ठरावीक तुकड्याचा हट्ट मात्र धरू नका. ‘आज चांगलं काय आहे?’ असं विचारा. जनावरात मऊ मांस थोडंच असतं. खांदा, मान, पाय हे सतत राबणारे भाग, म्हणून चिवट आणि बहुतेक वेळा स्वस्तही. मंद आचेवर दोन-तीन तास शिजवले की त्यांतलं कोलॅजन (मांस चिवट करणारं प्रथिन) विरघळतं, मांस हाडापासून सुटतं, रस दाट होतो. चव तर याच भागांना जास्त! आणि अख्खं जनावर विकलं गेलं तरच ओळखीच्या शेतकऱ्याकडून माल घेणाऱ्या दुकानाचं, पर्यायाने शेतकऱ्याचं, गणित जुळतं.

खिमा समोरच काढून घ्या, ४ अंशांच्या आत थंड ठेवा आणि १-२ दिवसांत संपवा. हाडं मागायला लाजू नका.